राखी बगळा आणि बिबट्या : धंदा एकच?

पाणकाठ

शीर्षक वाचून "कशाशी काय जोडताय" असं वाटणार, हे धरूनच लिहायला बसलोय. एकाचं वजन दीड-दोन किलो, दुसऱ्याचा नर सहज साठ किलोच्या पुढे. एकाच्या चोचीत एकही दात नाही, दुसऱ्याचं नाव काढलं की आधी सुळेच आठवतात. पक्षी आणि सस्तन यांचा शेवटचा सामाईक पूर्वज साधारण 32 कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. तेव्हा डायनोसॉरही अजून यायचे होते. एवढ्या लांबच्या नात्यात साम्य शोधणं म्हणजे ओढूनताणून केलेला उद्योग, असं कुणी म्हटलं तर राग नाही.

तरी माझा दावा असा : राखी बगळा (आर्डिया सिनेरिया) आणि बिबट्या (पँथेरा पार्डस) यांचा धंदा एकच आहे.

शिकारी प्राणी पाहिले तर बरेचसे पाठलाग करणारे. लांडगे, रानकुत्रे सावजाला दमवतात. चित्ता पळून गाठतो, बहिरी ससाणा वरून सूर मारतो. ह्या सगळ्यांच्या बाबतीत सावजाला उशिरा का होईना कळलेलं असतं, आणि मग खरी शर्यत सुरू होते. बिबट्या आणि बगळा शर्यत लावतच नाहीत. सावजाला पत्ता लागायच्या आत मधलं अंतर खाऊन टाकायचं, एवढीच त्यांची विद्या. बिबट्या पोट जमिनीला घासत काही मीटरांवर येईपर्यंत झेप टाळतो, आणि पहिल्या झडपेत जमलं नाही तर फारसा मागे लागत नाही. बगळा काठावर खांबासारखा उभा राहतो, किंवा पाण्यावर तरंगही उठणार नाही अशा बेताने एकेक पाय टाकत पुढे सरकतो. मासा आवाक्यात आला की झडप. हुकली की पुन्हा खांब.

फरक शेवटच्या क्षणात आहे. उरलेलं अंतर मिटवायला बिबट्या अख्खं शरीर फेकतो, बगळा फक्त मान फेकतो. माझ्या मते दोघांच्या शरीरातले बाकीचे बहुतेक फरक ह्या एका फरकातून उलगडत जातात. मान फेकणाऱ्याला वजन परवडत नाही, शरीर फेकणाऱ्याला वजनाशिवाय भागत नाही.

तुलना कुठे टिकते आणि कुठे मोडते, दोन्ही ऐकायचंय. जाणकारांनी हात आखडता घेऊ नये.

झापडबंद

आधी जागा पकडतो. धागा पेटणार.

बाकी बकध्यान लावायला बिबट्याला कुणी शिकवलं म्हणायचं?

हाडमोजे

पाणकाठ, 'मान फेकतो' हे अगदी शब्दशः खरं आहे, म्हणून त्यात थोडी हाडं घालतो.

सस्तन प्राण्यांच्या मानेत मणके सात. उंदीर घ्या, जिराफ घ्या, बिबट्या घ्या, सातच. स्लॉथ आणि मॅनटी असे मोजके अपवाद सोडले तर हा आकडा हलत नाही. पक्ष्यांवर असलं बंधन नाही. बगळ्याच्या मानेत वीस-एकवीस मणके असतात, आणि त्यातल्या सहाव्याची ठेवण वेगळी असते. त्याच्यामुळे मान इंग्रजी एस अक्षरासारखी दुमडून राहते आणि तिथूनच झटक्यात सरळ होते. उडतानासुद्धा बगळा ही घडी मोडत नाही. करकोचे आणि क्रौंच मान पुढे ताणून उडतात, बगळा खांद्यांत ओढून. आकाशात लांबून ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

आता बिबट्या. सात मणक्यांत असली घडी घालता येत नाही, मग स्प्रिंग ठेवायची कुठे? ती पाठीच्या कण्यात आणि मागच्या पायांत. शिवाय पुढच्या खांद्यांत एक गंमत आहे. मार्जार कुळात हासळीचं हाड, म्हणजे कॉलरबोन, पार खुरटलेलं असतं. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नसतं, स्नायूंमध्येच अडकून असतं. त्यामुळे खांद्याचं फावडं छातीवर मोकळं पुढेमागे सरकतं आणि टांग लांब पडते. दबकत चालताना बिबट्याचे खांदे पाठीच्या वर आलेले दिसतात, ते ह्यामुळेच.

आणि बगळ्यात? तिथे नेमकं उलट. दोन्ही बाजूंच्या हासळ्या मधोमध जुळून एकच दुबेळक्यासारखं हाड झालंय. पंखांच्या फडफडीत छातीच्या सांगाड्याला आधार देणारं. एकाच हाडाचं एकीकडे जवळजवळ विसर्जन, दुसरीकडे बढती.

जाता जाता एक. बगळ्याचा गुडघा मागे वळतो असं पुष्कळ जण सांगतात. जो मागे वळताना दिसतो तो घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला. बिबट्याच्या मागच्या पायातही जमिनीपासून वर उचललेला कोपरा म्हणजे टाचच. दोघंही आयुष्यभर बोटांवर चालतात. चोरपावलं म्हणतात ती हीच.

चिवचिव

रोचक! घोट्याचं माहीत होतं, हासळीचं नव्हतं.

निशाचर

डोळ्यांवर कुणी बोललं नाही अजून. मला तर खरी तुलना तिथेच वाटते, कारण झडप घालायच्या आधीचं सगळं काम डोळ्यांचं आहे.

बगळ्यापुढची अडचण बिबट्याला कधीच येत नाही. त्याचं सावज पाण्यात, डोळा हवेत. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा असतो त्याहून वर दिसतो. अगदी डोक्यावरून पाहिलं तरी खोली पाऊणपट भासते, आणि तिरकं पाहिलं तर फसवणूक आणखी वाढते. दिसतो तिथे चोच मारली तर मासा हुकणार. काट्झिर आणि इंट्रेटर यांनी 1987 मध्ये समुद्री बगळ्यावर प्रयोग करून दाखवलं, की पक्षी झडपेच्या आधी डोकं अशा जागी आणतो जिथे दिसणारी खोली आणि खरी खोली यांचं नातं पक्कं ठरलेलं असतं. म्हणजे शेवटच्या क्षणाला दुरुस्ती करण्यापेक्षा दुरुस्ती सोपी होईल तिथे आधीच जाऊन उभं राहायचं. बगळा मान किंचित तिरकी करतो, पुढे घेतो, थांबतो, ते सगळं ध्यान नसतं. हिशेब चाललेला असतो.

दुसरं. बगळ्याचे डोळे कडेला असले तरी त्याला चोचीच्या खालून, थेट स्वतःच्या पायापाशी दोन्ही डोळ्यांनी दिसतं. मार्टिन आणि काट्झिर यांनी 1994 मध्ये बगळ्यांची दृष्टिकक्षा मोजली. चोच आडवी धरूनही समोरची दुहेरी दृष्टी खालपासून वरपर्यंत पसरलेली निघाली. त्यामुळे खाली बघायला त्याला मान वाकवावी लागत नाही, आणि माशाला हालचाल दिसत नाही.

बिबट्याचे दोन्ही डोळे समोर. अंतराचा अंदाज चोख, पण मागचं काही दिसत नाही. त्याची भरपाई रात्री होते. डोळ्यांच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो, तो निसटलेला प्रकाश पुन्हा पडद्यावर टाकतो. टॉर्चच्या उजेडात डोळे चमकतात ते त्यानेच. घरच्या मांजराची बाहुली उजेडात उभी चीर होते, बिबट्याची गोलच राहते. रंगांच्या बाबतीत मात्र बगळा श्रीमंत. पक्ष्यांकडे रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी चार प्रकारच्या, मार्जार कुळाचं काम दोनांवर भागतं. राखी बगळाही पहाटे, संध्याकाळी आणि प्रसंगी रात्री मासे मारतो, तेव्हा दिवस-रात्र अशी कडक वाटणी नाही.

रोखठोक

सगळं छान चाललंय, पण मूळ दाव्याशी मी सहमत नाही.

'धंदा एकच' म्हणताना तुम्ही झडपेपाशी थांबलात. शिकार झडपेने संपत नाही. झडपेनंतर काय होतं ते बघा, मग हे दोन अगदी वेगळे प्राणी दिसतील.

बगळा सावज अख्खं गिळतो. मासा उलटासुलटा करून डोक्याकडून आत घेतो, म्हणजे पर आणि काटे घशात उभे राहत नाहीत. फाडायला दात नाहीत, पायांत पकडून तोडायची सोय नाही. म्हणजे त्याच्या भक्ष्याची कमाल मर्यादा कोण ठरवतं? घसा. प्रमाणाबाहेर मोठा मासा गिळायला गेलेले बगळे गुदमरून मेल्याची उदाहरणं आहेत.

बिबट्याला ही मर्यादा नाही. तो मारतो एका जागी, खातो दुसऱ्या जागी, आणि उरलं तर दुसऱ्या दिवशी परत येतो. लहान सावजाची मानगूट, मोठ्याचा गळा. गळा धरून ठेवायचा, श्वास बंद होईपर्यंत. मागच्या दाढा कात्रीसारख्या एकमेकींवरून सरकतात आणि मांस कापतात. आफ्रिकेत सिंह आणि तरस यांच्या भीतीने तो स्वतःपेक्षा जड धूडसुद्धा झाडावर ओढून नेतो. बगळ्याने मासा झाडावर नेऊन उद्यासाठी ठेवलाय, असं ऐकलंय कधी?

हा फरक आवडीनिवडीचा नाही, वजनाचा आहे. कार्बोन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये सस्तन मांसाहारींची आकडेमोड केली. साधारण साडेएकवीस किलोच्या खालचे शिकारी किडे-उंदरांवर भागवू शकतात. त्याच्यावर गेलं की छोट्या सावजातून मिळणारी ऊर्जा ते शोधण्यात जाणाऱ्या ऊर्जेला पुरत नाही, आणि स्वतःच्या जवळपास वजनाचं भक्ष्य मारावंच लागतं. बिबट्या ह्या रेषेच्या पलीकडचा. त्याच्या आहाराच्या अभ्यासांत सर्वाधिक पसंती 10 ते 40 किलोच्या प्राण्यांना दिसते. दीड-दोन किलोचा बगळा रेषेच्या खूप अलीकडे. त्याला दिवसभरात अनेक छोटे घास चालतात, बिबट्याला एक मोठा घास आणि मग आराम.

तेव्हा एक किरकोळ विक्रेता, दुसरा ठोक. धंदा एकच कसा?

पाणकाठ

रोखठोक, मुद्दा बिनतोड मांडलात, आणि मला तो माझ्याच बाजूचा वाटतोय. झडप दोघांची सारखी. त्यानंतरचं सगळं वजनाने ठरतं, असं तुम्हीच सिद्ध केलंत. मी 'मान फेकणाऱ्याला वजन परवडत नाही' म्हटलं ते ह्याच अर्थाने.

शिवाय बगळ्याला फक्त मासेखाऊ म्हणून सोडून देऊ नका. बेडूक, साप, उंदीर, चिचुंद्र्या, दुसऱ्या पक्ष्यांची पिल्लं, काय वाट्टेल ते. पाणी आटलं की शेतात उभा राहून उंदरांची वाट बघतो, तीच ऐट, तोच संयम. बिबट्याचंही तसंच. वाघ आणि सिंह जिथून हटले तिथे तो टिकला, कारण त्याची पानावर तक्रार नसते. खेकड्यापासून हरणापर्यंत, मधे माकडं आणि मोरही. हावरट म्हणा, पण जे मिळेल त्याच्याशी जमवून घेणं हा दोघांचा सामाईक गुण आहे. आफ्रिका, आशिया दोघांचं, युरोप बगळ्याचं जास्तीचं. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून बघा, केवढा भाग जुळतो.

रोखठोक

माझाच मुद्दा माझ्यावर उलटवलात, मान्य. तरी एक उरतंच. जोखीम.

बगळ्याची झडप हुकली तर काय गेलं? एक मासा. बिबट्या रानडुकरावर चुकीचा पडला तर बरगडी मोडते, पाय जातो. एकट्याने शिकार करणाऱ्याला कळप सांभाळत नाही, लंगडा बिबट्या थोड्या दिवसांत उपाशी. शरीर फेकण्याची किंमत ही आहे. म्हणून बिबट्या हल्ला करायच्या आधी इतका वेळ घेतो. बगळा वेळ घेतो तो मासा पळू नये म्हणून. बाहेरून सारखा दिसणारा संयम आतून सारखा असेलच असं नाही.

निशाचर

ह्याच्याशी सहमत. धाग्यातला सगळ्यात चांगला मुद्दा.

चिवचिव

आता जरा घरसंसाराकडे वळूया का? शिकारीत साम्य असेल नसेल, पिल्लांच्या बाबतीत दोघांचा काही म्हणजे काही मेळ नाही.

राखी बगळा एकटा शिकार करतो आणि वसाहतीत राहून वीण करतो. एकाच झाडावर अनेक घरटी, वर्षानुवर्षं तीच, दर वर्षी त्यात नव्या काटक्यांची भर. अंडी तीन ते पाच, फिकट निळसर हिरवी. उबवणं साधारण पंचवीस दिवस, नर-मादी आळीपाळीने. पिल्लं उडायला लागेपर्यंत सात-आठ आठवडे, तोवर भरवणंही दोघांचं.

मादी बिबट्याचं सगळं एकटीवर. गर्भ साडेतीन महिन्यांच्या आतबाहेर, बछडे दोन किंवा तीन, जन्मताना डोळे मिटलेले. जागा बदलत राहायचं, शिकारीला जाताना लपवून जायचं. हे दीड-दोन वर्षं. नर त्यात नसतो.

झापडबंद

नर मग करतो काय? नुसता हद्दीवर फिरतो?

चिवचिव

फिरतो, आणि त्या फिरण्यावरच पिल्लांचं नशीब ठरतं. नराच्या हद्दीत अनेक माद्यांच्या हद्दी येतात. तो टिकून आहे तोवर परका नर आत येत नाही. तो हरला किंवा मेला की नवा नर येतो आणि आधीच्याचे बछडे मारतो, म्हणजे मादी लवकर पुन्हा माजावर येते. दक्षिण आफ्रिकेतल्या साबी सँड भागात बिबट्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली गेली. तिथे निम्म्याहून कमी बछडे स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचतात, आणि नरांनी मारणं हे त्यातलं एक मोठं कारण. म्हणजे भरवत नसला तरी बापाचं नुसतं असणं हीच राखण.

बगळ्यांत धोका बाहेरून कमी, घरट्यातून जास्त. अंडी एकाच दिवशी फुटत नाहीत, त्यामुळे पहिलं पिल्लू मोठं आणि शेवटचं लिंबूटिंबू. डग्लस मॉक यांनी टेक्सासच्या किनाऱ्यावर राखी बगळ्याचा अमेरिकी भाऊबंद, ग्रेट ब्लू हेरॉन, आणि मोठा पांढरा बगळा यांची पिल्लं पाहिली. पांढऱ्याची पिल्लं धाकट्याला टोचून टोचून मारत, हेरॉनची सहसा नाही. का? पांढरे आईबाप छोटे मासे आणत, ते एकटं दांडगं पिल्लू पटकन गट्टम करू शकतं, म्हणून भांडायचा फायदा. हेरॉनचे मासे एवढे मोठे की एकट्याला पळवता येत नाहीत. मग मॉक यांनी अदलाबदल केली. पांढऱ्या बगळ्यांच्या घरट्यात वाढलेली हेरॉनची पिल्लं भावंडांना मारायला लागली. उलट पांढऱ्याची पिल्लं हेरॉनकडे वाढूनही भांडकुदळच राहिली. हे 1984 मध्ये छापून आलं. मला तरी ह्या सगळ्या तुलनेत हा प्रयोग सर्वांत जास्त आवडतो. माशाचा आकार भावाभावातलं नातं ठरवतो!

हाडमोजे

वा! मॉक यांचं काम इथे कुणी काढेल असं वाटलं नव्हतं.

उंबरठा

बऱ्याच दिवसांनी लिहितेय, विषयच तसा आहे. एक साम्य कुणाच्या नजरेत आलेलं दिसत नाही. कंगवा.

बगळ्याच्या मधल्या बोटाच्या नखाला आतल्या कडेने बारीक दाते असतात, खऱ्या कंगव्यासारखे. छातीवर आणि मांड्यांपाशी खास पिसांचे पट्टे असतात, ती पिसं वाढत राहतात आणि टोकाला झिजून त्यांची पावडर होते. वाम किंवा ईल खाल्ल्यावर डोक्याला-मानेला चिकट बुळबुळीत थर बसतो. बगळा डोकं त्या पावडरीत घासतो, चिकटा शोषला जातो, मग नखाने विंचरून काढतो. कोरडं शांपू म्हणा. आंघोळ करून हा चिकटा गेला नसता.

बिबट्याचा कंगवा जिभेवर. मार्जार कुळाच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. 2018 मध्ये नोएल आणि हू यांनी घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंतच्या जिभा तपासल्या. प्रत्येक काट्याच्या टोकाला पोकळ पन्हळ निघाली. लाळ तिच्यात आपोआप चढते आणि केसांच्या मुळाशी सोडली जाते. लाळ सुकताना अंग थंड होतं तेही त्यातूनच.

आता ह्याचा शिकारीशी संबंध. दबा धरून मारणाऱ्याला स्वच्छता ही चैन नाही. पिसं चिकटली तर बगळा भिजेल, उडताना आवाज होईल. बिबट्याच्या अंगाला रक्ताचा वास राहिला तर सावजाला वाऱ्यावरून सुगावा लागेल. म्हणजे दोघांचा कंगवा अवजारांच्या पेटीतच मोजायला हवा.

रोखठोक

कंगवा कबूल. पण बिबट्या रक्ताच्या वासासाठी स्वतःला चाटतो हे जरा ताणलेलं वाटतं. सगळीच मांजरं चाटतात, खाल्लेलं असो नसो. गोचिड्या, गुंता, अंगाची उष्णता, एवढी कारणं पुरेशी आहेत.

उंबरठा

ठीक, वास बाजूला ठेवा. कंगवा राहू द्या.

तळटीप

अवांतर, पण धाग्याला धरून आहे.

बिबट्याला आणि बगळ्याला गोड चव कळत नाही, दोघांनाही एकाच जनुकामुळे. गोड ओळखणारा ग्राही, म्हणजे जिभेवरचा चव टिपणारा रेणू, दोन प्रथिनांचा मिळून बनतो. मार्जार कुळात त्यातलं एक बनवणारं जनुक मोडून पडलंय, हे मांजर, वाघ आणि चित्ता यांच्यावरून 2005 मध्ये दाखवलं गेलं. पक्ष्यांमध्ये तेच जनुक फार पूर्वीच नाहीसं झालं. फुलांतला रस पिणाऱ्या हमिंगबर्डने मांसाची चव ओळखणारा ग्राही बदलून त्यावरच साखरेची सोय केली, हे 2014 मधलं काम. बगळ्याला असल्या खटपटीचं कारणच नव्हतं.

झापडबंद

म्हणजे दोघांपुढेही जिलबी ठेवा, ढुंकून बघणार नाहीत. अरसिक कुठले.

पाणकाठ

तळटीप, हे भारी आहे. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या घराण्यांत, एकच जनुक गेलं.

आता मोजदादीवर कुणी लिहील का? मला वाटतं तिथे धंद्याचा फरक उघडा पडतो, आणि तो माझ्या विरुद्ध जातो. तरी यायला हवा.

तळटीप

मीच लिहितो. बगळा मोजायला सोपा, कारण विणीच्या वेळी तो एका जागी जमतो. ब्रिटनमध्ये मॅक्स निकोल्सन यांनी 1928 मध्ये बगळ्यांची व्यापलेली घरटी मोजायला सुरुवात केली. ती गणना आजही चालू आहे, आणि वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या इतक्या दीर्घकाळ चाललेल्या गणनेला जगात जोड नाही. आलेखात 1962-63 च्या कडक हिवाळ्यानंतर मोठा खड्डा दिसतो. पाणी गोठलं की उथळातल्या शिकाऱ्याचं दुकानच बंद. पुढच्या वर्षांत संख्या पुन्हा भरून आली.

बिबट्या कुठे जमत नाही. त्याला मोजायचं तर कॅमेरे लावायचे आणि अंगावरचे ठिपके जुळवायचे. दोन बिबट्यांची नक्षी सारखी नसते, डावी बाजूसुद्धा उजवीसारखी नसते, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा. 2016 च्या एका मोठ्या आढाव्यानुसार त्याच्या पूर्वीच्या पसाऱ्यातला पाऊण भागापर्यंतचा प्रदेश हातचा गेलाय. त्याच वर्षी आययूसीएन ह्या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो 'असुरक्षित' ठरला. राखी बगळा 'किमान चिंता' गटात आहे.

भरपाईचा वेग बघा. बगळ्याची जोडी वर्षाला तीन-चार पिल्लांचा डाव मांडू शकते, बरीचशी पहिल्याच हिवाळ्यात दगावतात तरी खड्डा भरतो. मादी बिबट्या दोन वर्षांतून एकदा दोन-तीन बछडे देते, त्यातले निम्मेही वाचत नाहीत. तिथे खड्डा पडला की भरायला पिढ्या लागतात.

झापडबंद

मुख्य प्रश्न राहिलाच. समोरासमोर आले तर जिंकणार कोण?

हाडमोजे

बगळा उडून जाईल. संपला प्रश्न.

निशाचर

पाणकाठ, तुमच्या बाजूने एक शेवटचा पुरावा. रंग.

बिबट्याचे ठिपके हे पानांतून पडणाऱ्या कवडशांचं काम करतात. मार्जार कुळातल्या नक्षींचा 2011 मध्ये तौलनिक अभ्यास झाला, त्यात गुंतागुंतीची नक्षी दाट झाडीत, मंद उजेडात वावरणाऱ्या जातींकडे जास्त आढळली. आणि त्याच जातीत काळा बिबट्याही असतो. रंगाचं ते जनुक अप्रभावी आहे, त्यामुळे दोन ठिपकेवाल्यांच्या पोटी काळा जन्मू शकतो. मलाय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागातल्या दाट जंगलात तर जवळजवळ सगळेच काळे.

समुद्री बगळ्यातही असंच. एकच जात, दोन रंग. एक गडद करडा, एक पांढराशुभ्र, दोघं एकाच किनाऱ्यावर शेजारी उभे. पांढऱ्याबद्दल एक मत असं की माशाला खालून बघताना तो उजळ आकाशात विरून जातो. गडद रंग खडकांपुढे लपतो. दबा धरणाऱ्यांच्या दोन घराण्यांनी एकाच जातीत दोन पोशाख ठेवलेत.

रोखठोक

हे ऐकायला छान आहे, पण काळा बिबट्या लपण्यासाठीच काळा आहे हे गृहीत का धरायचं? लहान समूहात योगायोगाने एखादं जनुक पसरूनही असं होतं. मलायातल्या काळ्या बिबट्यांबद्दल दोन्ही शक्यता मांडल्या गेल्यात. आणि राखी बगळ्याला, ज्याच्यावर धागा आहे, असले दोन पोशाख नाहीतच. समुद्री बगळा मधे आणून दावा पक्का होत नाही.

निशाचर

समुद्री बगळ्यावरचाच 1987 चा प्रयोग वर चालला की सगळ्यांना! तेव्हा कुणी हरकत घेतली नाही.

रोखठोक

प्रकाश सगळ्या बगळ्यांसाठी सारखाच वाकतो, म्हणून चालला. रंगाचं तसं नाही.

पाणकाठ

रंगासाठी वेगळा धागा काढा, निशाचर. त्यात आफ्रिकेतला काळा बगळाही घ्या, जो पंखांची छत्री करून पाण्यावर सावली धरतो आणि सावलीत येणारे मासे टिपतो. काळ्या रंगाचा तिथे उपयोग काय, ह्यावर रोखठोक काय म्हणतात ते वाचायला आवडेल.